यंत्रापुढे लिपीने का वाकावे?

संगणकावर मराठी नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आमच्या व्यवसायबंधूंकडे गेले, की एक ठरलेले उत्तर मिळते : देवनागरी ही लिपीच मुळात अवघड. जोडाक्षरे फार, मात्रा वर, उकार खाली, एक वेलांटी अक्षराच्या आधी तर दुसरी नंतर. रोमनसारखी सुटसुटीत सव्वीस अक्षरे असती तर प्रश्नच उद्भवला नसता. हे उत्तर आम्ही रत्नागिरीत ऐकले, पुण्यात ऐकले, मुंबईतही ऐकले. ते देणारे बहुधा मराठी मातेचेच पुत्र असतात, याचे दुःख आता आम्ही करीत नाही. मात्र हे उत्तर खोटे आहे, आणि खोटे असूनही ते टिकून आहे ते केवळ सोयीचे असल्यामुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज्ञावल्या लिहून पोट भरणाऱ्यांनीच हे बोलले पाहिजे. बाहेरच्याने बोलले तर "तुम्हांला त्यातले काय कळते?" असे म्हणून त्याला गप्प बसवता येते.

सबब मात्र जुनी आहे. आमच्या वाचकांना परिचित असलेल्या एका नावापासूनच तिचा इतिहास सुरू करावा लागेल. १५७९ साली गोव्यात उतरलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोममधील आपल्या संघप्रमुखांना एक पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली कित्येक वर्षांची इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. मलबारात तमिळ लिपीतील छपाई १५७८ सालीच झालेली असल्यामुळे ही इच्छा काही अवास्तव नव्हती. अडचणही त्यांनी प्रांजळपणे सांगितली : युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, परंतु येथील अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चारखंड असल्याने साच्यांची संख्या सहाशेच्या घरात जाते. साचे ओतले गेले नाहीत. १६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन अक्षरांत. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्याही तशाच निघाल्या. मराठी भाषेची थोरवी ज्या ग्रंथाच्या आरंभी गायिली आहे, तो ग्रंथ मराठी माणसाला स्वतःच्या लिपीत छापलेला वाचायला मिळाला तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरी आवृत्ती काढली तेव्हा. मधे ३४० वर्षे गेली.

यासाठी आम्ही स्टीफन्स यांना तिळमात्र दोष देत नाही. त्यांच्यापुढची अडचण धातूची होती. प्रत्येक अक्षरासाठी साचा कोरणे, शिसे ओतणे आणि प्रत्येक खिळ्याला केसमध्ये घर देणे याला पैसा, माणूस आणि वेळ लागतो.

पुढे या धातूच्या अडचणीशी ज्यांनी झुंज घेतली त्यांतील दोन मोठ्या माणसांचा संबंध आमच्या रत्नागिरीशी यावा, हा योगायोग मजेचा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथलाच. देवनागरी छपाईतील खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून 'केसरी'च्या या संपादकाने राजकारणाच्या धबडग्यातही परिश्रम घेतले. दुसरे सावरकर. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी रत्नागिरीतून लिपिशुद्धीची चळवळ चालविली आणि 'इ, ई, उ' ऐवजी 'अि, अी, अु' असे 'अ'च्या बाराखडीचे लेखन सुचविले. सावरकरांची इतर मते आम्हांस पटोत वा न पटोत, या सूचनेमागची व्यावहारिक दृष्टी नाकारता येत नाही. दोघांच्याही नजरेसमोर केसपुढे उभा राहून एकेक खिळा उचलणारा जुळारी होता. यंत्र बदलता येत नाही, तेव्हा लिपीने थोडे वाकावे, असा हा तह होता. परिस्थिती पाहता तो सन्मानाचा तह होता.

संगणकाने हा तह अनावश्यक ठरविला. त्याच्या पोटात शिसे नाही की केस नाही. कळफलकावर 'क', हलन्त आणि 'ष' अशा तीन कळा दाबल्या की 'क्ष' घडविणे हे यंत्राचे काम. लिहिणाऱ्याने केवळ उच्चाराचा क्रम सांगावा, आकार कसा द्यायचा ते यंत्राने पाहावे, ही कल्पना भारतातच विकसित झाली. कानपूरच्या आय.आय.टी.त तिचा पाया घातला गेला, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर 'जिस्ट' या नावाने ते काम पुढे नेले गेले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून जाहीर केली. देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड अशा लिप्यांना तिने एकाच ध्वन्यात्मक चौकटीत बसविले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतलेली होती. म्हणजे जगाने या बाबतीत आपले अनुकरण केले. ज्या क्षेत्रात हे क्वचितच घडते त्या क्षेत्रात हे घडले आणि आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना त्याची वार्ताही नसते.

तेव्हा 'देवनागरी अवघड' हा दावा १९९१ सालीच निकालात निघाला होता. मग पुढे काय झाले?

पुढे दुकानदारी झाली. डी.टी.पी.चा धंदा जोरात आला आणि जो तो आपापला फॉन्ट घेऊन बाजारात उतरला. या फॉन्टांची युक्ती सामान्य वाचकाला ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्या काळच्या यंत्रणेत एका फॉन्टला २५६ घरे मिळत. ती घरे मूळची रोमन अक्षरांची आणि युरोपीय चिन्हांची. मराठी फॉन्ट करणाऱ्याने काय केले, तर त्या घरांतली चित्रे बदलली. रोमन 'के'च्या घरात समजा 'क' बसविला, स्वल्पविरामाच्या घरात एखादा अर्धा 'ण', उरलेल्या फटींत रफार आणि रुकार. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी दिसे. पण फाइलीच्या पोटात 'कोकण' हा शब्द नसेच. तेथे असत काही रोमन चिन्हे, ज्यांच्यावर कोकणचे चित्र चढविलेले आहे. फॉन्ट काढून घेतला की चित्र गेले, उरली ती चिन्हांची रद्दी. बरे, प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही ती सारखी असेल याची शाश्वती नव्हती.

त्यावर आणखी एक कुलूप. महागड्या मराठी सॉफ्टवेअरसोबत अंगठ्याएवढा एक ठोकळा मिळे. तो संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर जेथे लावतात त्या खाचेत बसवावा लागे. ठोकळा नसेल तर मराठी नाही. चोरी रोखण्यासाठी ही व्यवस्था होती, आणि चोरी होत होती हेही खरे. तथापि आज त्या प्रकारची खाच असलेला संगणक बाजारात मिळत नाही. ठोकळे छापखान्यांच्या खणांत पडून आहेत आणि त्यांच्यापाशी तारण ठेवलेला मजकूर त्यांच्याबरोबर पडून आहे.

न्यायाने बोलायचे तर २००० सालापर्यंत या फॉन्टवाल्यांना दुसरा मार्ग नव्हता. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली, त्याआधी सर्वसामान्य संगणकाला ती लिपी कळतच नव्हती. तोवर ज्यांनी घरवाटणीची युक्ती करून मराठी मासिके, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तके छापून दिली, त्यांचे आपण ऋणीच आहोत. आमचा आक्षेप त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. पेजमेकर या प्रणालीची अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली. त्यानंतरही कित्येक वर्षे कोकणातले आणि घाटावरले छापखाने तीच प्रणाली आणि तेच फॉन्ट कवटाळून बसले. विकणाऱ्यांनी त्यांना सावध केले नाही, कारण अडकलेले गिऱ्हाईक हेच खात्रीचे गिऱ्हाईक. आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनीही सावध केले नाही, कारण त्यांचे सारे लक्ष अमेरिकेच्या कामाकडे होते.

याचा परिणाम काय होतो तो आम्ही हाताळला आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आपल्या १९९६ ते २००४ या काळातील वार्षिकांच्या फाइली आमच्याकडे आणून दिल्या. निम्म्या फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत. ज्या वाचल्या गेल्या त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही घरवाटणीचा तक्ता तयार केला. तेवढ्याने भागत नाही. जुन्या फॉन्टांत 'कि' लिहिताना वेलांटी आधी उमटवावी लागे आणि 'क' नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडात 'क' आधी आणि वेलांटी नंतर, कारण जीभ तसे उच्चारते. रफाराचे नेमके उलटे. 'धर्म' लिहिताना जुळारी 'म' उमटवून त्याच्या माथ्यावर रफार ठेवी, तर उच्चारात 'र' आधी येतो. म्हणजे प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून त्याच्या योग्य जागी नेऊन बसवायचा. जोडाक्षर मधे आले की किती अक्षरे ओलांडायची याचाही हिशेब ठेवायचा. हे सारे झाल्यावर मुद्रितशोधन. आठ वर्षांच्या वार्षिकांसाठी तीन माणसांचे चार महिने गेले.

या कामाच्या मधल्या काळात एका जुन्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही पाहण्याचा योग आला. अशा नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घालून दिला. ती वही काही इतकी जुनी नव्हती, पण शंभर वर्षांची खचित होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, आणि तरीही प्रत्येक नाव वाचता येत होते. ती वाचण्यासाठी कोणाचा परवाना लागला नाही. आमच्या व्यवसायाने पंचवीस वर्षांपूर्वी जतन केलेला मजकूर उघडत नाही, आणि एका अल्पशिक्षित कारकुनाने बोरूने लिहिलेला मजकूर उघडतो, याची लाज आमच्या व्यवसायबंधूंना वाटत नाही हे आम्हांस विशेष वाटते.

आता नावांविषयी. आमच्या समाजात ॲन्थनी आहेत, ॲग्नेस आहेत, ॲलेक्स आहेत. या 'ॲ'ला युनिकोडात स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. तत्पूर्वी सतरा वर्षे काय होते? 'ऍ' हे हिंदी वळणाचे अक्षर होते, म्हणून कोणी ते वापरी. कोणी 'अ' लिहून त्यावर निराळा चंद्र ठेवी. आज तिन्ही प्रकार प्रचारात आहेत. छापलेल्या कागदावर 'ॲ' आणि निराळा चंद्र ठेवलेला 'अ' हे डोळ्यांना एकच वाटतात, यंत्राला मात्र तिन्ही सर्वस्वी भिन्न आहेत. एका रीतीने नोंदविलेला ॲन्थनी दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंचे नाव एका कार्यालयाच्या यादीत असूनही 'नाही' ठरले. त्यांना प्रतिज्ञापत्र करावे लागले, त्यासाठी दोनदा रिक्षा करून जावे लागले. हे तीन प्रकार एकच मानावेत एवढे यंत्राला शिकविण्यासाठी जाणत्या प्रोग्रॅमरला अर्धा दिवस पुरेसा आहे.

इंग्रजीत 'डिसोझा' लिहिताना मधे जो वरचा स्वल्पविराम येतो त्याची कथा आणखी उद्बोधक आहे. इंटरनेटवरचे अर्ज भरताना 'अवैध चिन्ह' असा शेरा कितीतरी वाचकांनी अनुभवला असेल. वाडवडिलांचे आडनाव अवैध! कारण असे, की माहितीचा साठा ज्या भाषेत विचारला जातो त्या भाषेत हे चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखविते. ते नावात आले तर आज्ञावली गोंधळते आणि त्याचा गैरफायदा घेऊन चोर आत शिरू शकतो. यावर सुरक्षित उपाय आहे, तो जुना आहे आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिलेला आहे. पण उपाय करण्यापेक्षा बंदी घालणे सोपे. मग डबलिनचा ओ'ब्रायन आणि रत्नागिरीचा डिसोझा दोघेही एका ओळीत नापास होतात, आणि आपले आडनाव मोडून लिहिण्याची सवय पिढीला लागते.

मराठीची स्वतःची म्हणून काही अक्षरवळणे आहेत, त्यांची हेळसांड तर विचारूच नये. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक सांगणे न लगे. एक पश्चिमेला, दुसऱ्या पूर्वेला सह्याद्रीत. ही अर्धचंद्राची रेघ मराठीला लागते, हिंदीला लागत नाही. युनिकोडात तिची रीतसर सोय आहे. तरीही दर काही महिन्यांनी एखादे नवे ॲप असे निघते की ज्यात दऱ्यांचा दर्या होतो. मराठी वर्णमाला 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी संपते. यंत्राच्या घरक्रमात मात्र 'ळ' हा 'ल'च्या शेजारी आहे आणि 'क्ष' हा 'क'च्या पोटात. अनुक्रम मराठी रीतीने लावायचा तर तसे मुद्दाम सांगावे लागते. सांगतो कोण? आणि रस्त्यावरच्या फलकांवर वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे अशी जी दुर्दशा दिसते तिच्याबद्दल लिहू लागलो तर हा अंक पुरणार नाही.

यावर आमच्या व्यवसायबंधूंचे म्हणणे ठरलेले असते. एक म्हणजे, "संगणकावर मराठी वापरतो कोण?" विजेचे बिल मराठीत येते, एस.टी.चे तिकीट मराठीत निघते, सातबारा मराठीत छापून मिळतो. हे सारे संगणकातूनच बाहेर पडते. ज्याला ते वाचायचे आहे तो वापरणारा नव्हे काय? दुसरे म्हणजे, "तरुण मुले हल्ली मराठीसुद्धा रोमन अक्षरांतच लिहितात." लिहितात खरी, पण का? मोबाइलवरच्या संदेशाचा नियम युरोपात ठरला. रोमन अक्षरांचा संदेश १६० अक्षरांचा आणि देवनागरीचा ७० अक्षरांचा. एकाच मजकुरासाठी मराठी माणसाने दुप्पट, तिप्पट दाम मोजायचे. कित्येक वर्षे स्वस्त फोनांवर देवनागरीचे चौकोन दिसत ते वेगळेच. ज्याला आपण आवड म्हणतो ती पुष्कळदा केवळ भाड्याची कपात असते. १६१६ साली रोमन अक्षरे वापरली ती नाइलाजाने. तो नाइलाज संपल्यावरही आपण चारशे वर्षांपूर्वीच्याच जागी परत जाऊन उभे राहिलो आणि त्याला आधुनिकता म्हणू लागलो.

या सगळ्याच्या मुळाशी एक वृत्ती आहे. कॅलिफोर्नियातील एका प्रसिद्ध कंपनीने 'वेगाने चला, मोडतोड झाली तरी चालेल' असे ब्रीद मिरविले आणि २०१४ साली ते स्वतःच सोडून दिले. आमच्याकडे ते अजून भक्तिभावाने पाळले जाते. नवे आले की जुने टाका, जुन्यात कोणाचे काय अडकले आहे ते पाहू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, दापोली-मंडणगडची गावे दिवसेंदिवस विजेविना आणि संपर्काविना राहिली. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण बुडाले. अशा जिल्ह्यातील दुकानदाराला आणि पतपेढीला आम्ही असे सॉफ्टवेअर विकतो की जे नेट नसेल तर स्वतःच्याच यंत्रावरचा स्वतःचाच हिशेब उघडू देत नाही. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता मराठीच झाले आहे, आणि ते ऐकून परत फिरणारा माणूस ते दैवाधीन समजतो. ते दैवाधीन नसते. कोणी तरी टेबलाशी बसून ते तसे ठरविलेले असते.

सरकारलाही मोकळे सोडता येणार नाही. तमिळनाडू शासन आपल्या लिपीसाठी युनिकोड संघटनेचे सदस्य झाले होते. आपल्याकडे राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, २००९ साली शासनाने मराठी अक्षरवळणांचा निर्णयही काढला. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' कसा असावा हे त्याने सांगितले, पण तो कागद खरेदीच्या निविदांपर्यंत पोहोचला काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. ज्या भाषेचा गेल्या तीस वर्षांतला मजकूर आपल्याच यंत्रांना वाचता येत नाही, तिच्या अभिजाततेचा पुरावा आपण पुढच्या पिढीला कोणत्या स्वरूपात देणार आहोत? आता तर यंत्रांना भाषा शिकविण्याचे युग आले आहे. ती शिकतात वाचता येणाऱ्या मजकुरावरून. कुलपातला मजकूर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही.

राहता राहिल्या आपल्या संस्था : पॅरिश, शाळा, पतपेढ्या आणि ही नियतकालिके. विकणारा येतो, रंगीत पडदे दाखवितो, आपण सही करतो. यापुढे सहीपूर्वी त्याला चार गोष्टी विचाराव्यात. मजकूर युनिकोडात साठतो काय? तुमची कंपनी उद्या बंद पडली तर आमची माहिती साध्या फाइलीत बाहेर काढता येईल काय? नेट नसताना काम चालेल काय? आणि आमच्यासमोर 'ॲग्नेस', 'दऱ्या' आणि 'डिसोझा' लिहून, शोधून दाखवाल काय? शेवटच्या प्रश्नाला पाच मिनिटे लागतात. ज्याला ती पाच मिनिटे जड वाटतात त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

लोहितसारखे मुक्त फॉन्ट २००४ पासून उपलब्ध आहेत, मुंबईच्या एक टाइपने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' सुंदरही आहेत आणि विनामूल्यही. तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही. जुन्या अंकांसाठी मात्र वेळ थोडा आहे, कारण फ्लॉप्या आणि सी.डी. वर्षागणिक मरत आहेत. ज्या छापखान्यांकडे किंवा संपादकांकडे अशा फाइली पडून असतील त्यांनी फॉन्टचे नाव, आवृत्ती आणि त्याच फॉन्टात छापलेले एक पान संपादकांमार्फत आमच्याकडे पाठवावे. घरवाटणीचे पाच तक्ते आमच्यापाशी तयार आहेत, सहावा अर्धा झाला आहे. त्यात 'ष्ट' आणि 'द्ध' कोठे बसविले आहेत ते अद्याप सापडत नाही. त्या फॉन्टात छापलेले एखादे जुने पान कोणाकडे असेल तर ते आधी हवे आहे.